ओढ्याचं पाणी कसं जोखायचं: पोहायला, जलचरांना आणि मासेमारीला

"ओढ्याचं पाणी चांगलं आहे का?" हा प्रश्न अर्धाच आहे. कशासाठी चांगलं, हे जोडल्याशिवाय त्याला उत्तर नाही. ज्या डोहात दुपारी पोरं डुंबतात, त्याच डोहात पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडत असतात. मासे मजेत असलेलं पाणी पोहणाऱ्याच्या पोटात गेलं तर जुलाब होऊ शकतात. आणि गळाला भरपूर मासा लागतो म्हणून तो ताटात घ्यावा, असंही नाही. त्यामुळे हातात बाटली धरण्याआधी आपल्याला नेमकं काय विचारायचंय ते ठरवा. चाचणी, वेळ आणि जागा, सगळं त्यावरून ठरतं.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पाण्याचे वापरानुसार ए ते ई असे पाच वर्ग केले आहेत. आपल्या कामाचे त्यातले दोन. वर्ग बी म्हणजे उघड्यावरच्या स्नानासाठी: पीएच ६.५ ते ८.५, विरघळलेला प्राणवायू लिटरला ५ मिलिग्रॅम किंवा जास्त, बीओडी (पाण्यातली घाण कुजवायला जंतूंना लागणारा प्राणवायू) ३ किंवा कमी आणि एकूण कोलिफॉर्म (आतड्यात आणि मातीत आढळणारे जंतू) १०० मिलीला ५०० किंवा कमी. वर्ग डी म्हणजे वन्यजीव आणि मत्स्यवाढीसाठी: पीएच तोच, प्राणवायू ४ किंवा जास्त, मुक्त अमोनिया नायट्रोजनच्या हिशेबात १.२ किंवा कमी. स्नानाच्या पाण्यासाठी विष्ठाजन्य कोलिफॉर्मचा वेगळा निकषही आहे: ५०० पर्यंत असावं, २५०० च्या वर कधीच नसावं. डी वर्गात जंतूंचा उल्लेख नाही, कारण माशाला आपल्या आतड्यातल्या जंतूंशी काही देणंघेणं नसतं. आणि मासा खाण्याजोगा आहे का, हे या दोन्ही वर्गांपैकी कुठलाच सांगत नाही.

आधी ओढा चालून घ्या

उपकरणं घरी ठेवा आणि एक दिवस नुसता काठाने चाला. सोबत नकाशा, वही आणि फोनचा कॅमेरा पुरे. नाल्यांची तोंडं, गोठे, धुण्याच्या जागा, गाड्या धुण्याच्या जागा, निर्माल्याचा ढीग, सिमेंटचे आणि वनराई बंधारे, काठापर्यंत आलेली शेती, खडी क्रशर, कारखान्याची भिंत: सगळं नकाशावर मांडा. भेटणाऱ्यांशी बोला. धुणं धुणाऱ्या बायका आणि गळ टाकून बसणारी माणसं ओढ्याला रोज बघतात. "पाण्याचा रंग किंवा वास कधी बदलतो?" एवढंच विचारा. "रात्री अकरानंतर" किंवा "गळीत हंगाम सुरू झाला की" असं उत्तर मिळालं, तर दुपारी बारा वाजता घेतलेल्या नमुन्यावर खर्च केलेले पैसे वाचले म्हणून समजा.

मग जागा ठरवा. पुण्याच्या राम नदीचं उदाहरण घेऊ. ती भुकूमजवळ खाटपेवाडीच्या बाजूला उगम पावते, भूगाव-बावधन करत पाषाण तलावात येते आणि पुढे सोमेश्वरवाडीवरून औंधजवळ मुळेला मिळते. इथे एका जागेचा नमुना "राम नदीचं पाणी" म्हणून दाखवणं निरर्थक आहे. वस्तीच्या वरची एक जागा, वस्तीच्या खालची एक, तलावात शिरण्याआधी एक, तलावातून बाहेर पडल्यावर एक, अशा किमान चार लागतील. लहान ओढ्याला तीन पुरतात: शंकेच्या ठिकाणाच्या वर, त्याच्या खाली आणि आणखी खाली, पाणी सावरतंय का ते बघायला. वरची जागा हा तुमचा मापदंड. ती नसेल तर खालचे आकडे कशाशी ताडून बघणार?

नाल्याच्या तोंडाला चिकटून नमुना घेऊ नका. तिथे तुम्ही नाला मोजता, ओढा नाही. पाणी नीट मिसळलं का, हे बघायचा सोपा उपाय म्हणजे विद्युतवाहकता, म्हणजे पाण्यात किती क्षार विरघळलेत याची खूण, मोजणारा पेन. डावा काठ, मध्य, उजवा काठ अशी तीन मोजमापं घ्या. त्यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर मिसळण अजून झालेली नाही, आणखी खाली जा.

वेळ चुकली की आकडा चुकला

नवख्यांची सगळ्यात मोठी चूक इथे होते. शेवाळ आणि पाणवनस्पती दिवसा उन्हात प्राणवायू सोडतात आणि रात्री इतर जीवांसारखाच तो वापरतात. म्हणून सांडपाण्याने पोसलेल्या, हिरव्या संथ ओढ्यात दुपारी तीन वाजता प्राणवायू १२ मिलिग्रॅम भरू शकतो आणि पहाटे पाच वाजता २. दुपारचा आकडा बघून "उत्तम" असा शेरा लिहिला जातो. मासे मरतात ते पहाटे. जलचरांसाठी तपासताना एक मोजमाप सूर्योदयाच्या आधीच्या तासाभरात आणि दुसरं दुपारी दोन ते चारच्या दरम्यान घ्या. दोन्हींतला फरकच पुष्कळ काही सांगतो: खळाळत्या, स्वच्छ ओढ्यात तो एक-दोन मिलिग्रॅमचा असतो.

पोहण्यासाठी तपासताना उलट, लोक ज्या वेळी पाण्यात उतरतात त्या वेळचाच नमुना घ्या. सुट्टीच्या दुपारी पन्नास जण डुंबत असतील तर तोच क्षण खरा.

ऋतूंचंही तसंच. वर्षातून चार फेऱ्या हव्यात: मे महिन्याची अखेर, जूनचा पहिला जोरदार पाऊस, ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि फेब्रुवारी. पहिला पाऊस सोडू नका. आठ महिने नाल्यात, गटारात, रस्त्यावर साचलेलं सगळं त्या एका लोंढ्यात येतं, आणि चढणीचे मासे नेमके तेव्हाच वर यायला निघालेले असतात. ऑगस्टमधला भर पुराचा नमुना मात्र फारसं काही शिकवत नाही. तेव्हा सगळंच पातळ झालेलं असतं.

सामान

साधा अल्कोहोलचा थर्मामीटर (पाऱ्याचा नको, फुटला तर पारा ओढ्यात जातो), पीएच पेन आणि तो जुळवून घ्यायला ४, ७, ९.२ चे बफर (ठरलेल्या पीएचची द्रावणं), वाहकतेचा पेन, ३०० मिलीच्या काचेच्या बुचाच्या दोन-तीन बीओडी बाटल्या, प्राणवायू मोजायची रसायनं, अमोनियाचा किट, प्रयोगशाळेकडून आणलेल्या निर्जंतुक बाटल्या, बर्फाचा डबा, गढूळपणा बघायला पारदर्शक नळी, ३० सेंटीमीटर चौकटीची बारीक जाळी, पांढरी परात, मऊ ब्रश, भिंग, मोजपट्टी, गमबूट, हातमोजे. रसायनांच्या उरलेल्या पाण्यासाठी झाकणाचा एक प्लास्टिकचा डबा. हा शेवटचा डबा लोक हमखास विसरतात. अमोनियाच्या नेसलर रसायनात पारा असतो, ते ओढ्यात ओतून ओढ्याची तपासणी करणं म्हणजे कहर.

पीएच पेनाबद्दल एक गोष्ट. सह्याद्रीच्या माथ्याजवळच्या पाण्यात क्षार अगदी कमी असतात, त्यामुळे पेनाचा आकडा लवकर स्थिरावत नाही. दोन-तीन मिनिटं हळूहळू ढवळत थांबा. पहिल्या दहा सेकंदांतला आकडा टिपू नका. आणि "टीडीएस" दाखवणारे पेन मुळात वाहकताच मोजतात आणि तिला ०.५ किंवा ०.७ ने गुणून दाखवतात. दोन कंपन्यांच्या पेनांचे टीडीएस आकडे एकमेकांशी ताडू नका, वाहकतेचाच आकडा लिहा.

पाण्यात उतरताना

एकट्याने जाऊ नका. घाटात पाऊस पडला की खाली ऊन असतानाही लोंढा येतो. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पालापाचोळा वाहायला लागला, आवाज वाढला, की सामान सोडून काठावर या. पाण्याची खोली मीटरमध्ये आणि वेग मीटर प्रति सेकंदात घेऊन गुणाकार ०.९ च्या पुढे गेला तर कोणीच उतरू नये. नवख्याने गुडघ्याच्या वरच्या पाण्यात जायची गरजच नाही. पायाला किंवा हाताला जखम असेल तर काठावरून काठीला बाटली बांधून नमुना घ्या: कोकणात पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून जखमेवाटे होतो. नंतर ताप आला तर पाण्यात उतरल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा.

नेहमी खालच्या जागेकडून वरच्या जागेकडे जा, म्हणजे तुमच्या पायांनी उठलेला गाळ पुढच्या नमुन्यात येणार नाही. प्रत्येक जागी क्रमही हाच ठेवा: आधी जंतूंचा नमुना, मग प्राणवायू, मग तापमान-पीएच-वाहकता आणि सगळ्यात शेवटी तळ ढवळून जीव पकडणं.

नाक आणि डोळे फुकट मिळालेत, ते आधी वापरा. पांढरा, साबणाचा वास येणारा, काठाला तासन्‌तास टिकणारा फेस डिटर्जंटचा. धबधब्याखालचा मळकट, मातीचा वास असलेला आणि बोटाने विरणारा फेस पानांच्या अर्कामुळे येतो, त्याने घाबरू नका. पाण्यावर इंद्रधनुषी तवंग दिसला तर काडीने तो मोडा. काचेसारखे तुकडे होऊन वेगळे राहिले तर ते लोहजिवाणू, कोकणातल्या जांभ्या दगडाच्या मुलखात नारिंगी गाळासोबत सर्रास दिसतात. काडी काढल्यावर तवंग पुन्हा जुळून आला तर तेल.

प्रवाह मोजायला विसरू नका. सरळ, अडथळा नसलेला १० मीटरचा पट्टा घ्या, अर्धी भरलेली छोटी बाटली किंवा संत्रं सोडा, वेळ घ्या, असं पाच वेळा. रुंदी ३ मीटर, सरासरी खोली ०.२ मीटर, १० मीटरला २५ सेकंद, म्हणजे वेग ०.४. तळाशी पाणी पृष्ठभागापेक्षा हळू जातं म्हणून दगडधोंड्यांच्या तळाला ०.८ ने गुणा, चिखलाच्या तळाला ०.९ ने. उत्तर ०.१९२ घनमीटर, म्हणजे सेकंदाला १९२ लिटर. प्रवाह माहीत नसेल तर फेब्रुवारीचा आणि ऑक्टोबरचा आकडा शेजारी ठेवून काहीच कळत नाही. घाण वाढली की नुसतं पाणी आटलं, हे यावरूनच सांगता येतं.

प्राणवायू: विंकलर पद्धत

मीटर असेल तर तो वापरा, पण जागेच्या उंचीची दुरुस्ती करून आणि त्याची मोजणारी काडी (प्रोब) पाण्यात सावकाश हलवत. पडद्याचा मीटर स्थिर पाण्यात धरला तर तो स्वतःपुरता प्राणवायू संपवून खोटा कमी आकडा दाखवतो. मीटर नसला तरी अडत नाही. विंकलर पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे आणि नीट केली तर स्वस्त मीटरपेक्षा खरी ठरते.

१. बाटली पाण्याखाली आडवी धरून, प्रवाहाकडे तोंड करून भरू द्या. बुडबुडे थांबले की उभी करा आणि पाण्याखालीच बूच लावा. बाहेर काढून उलटी करा. एकही बुडबुडा दिसला तर ओता आणि पुन्हा भरा. हवेत प्राणवायू पाण्यापेक्षा कितीतरी पट जास्त, त्यामुळे एक बुडबुडाही आकडा बिघडवतो.

२. बूच काढून पिपेटचं टोक पृष्ठभागाच्या खाली बुडवून १ मिली मँगनीज सल्फेट आणि तसंच १ मिली अल्कली-आयोडाइड-अझाइड सोडा. थोडं पाणी बाहेर सांडेल, सांडू द्या. बूच लावून बाटली पंधरा-वीस वेळा उलटी-सुलटी करा.

३. तपकिरी, चहाच्या गाळासारखा साका बसला तर प्राणवायू आहे. जितका गडद तितका जास्त. साका पांढराशुभ्र राहिला तर प्राणवायू जवळपास नाही, किंवा रसायन खराब आहे. शंका असेल तर बादलीतून बादलीत दहा वेळा ओतलेलं नळाचं पाणी घेऊन तीच कृती करा. त्यातही पांढराच राहिला तर दोष रसायनाचा.

४. साका अर्ध्यावर बसला की १ मिली संहत सल्फ्युरिक आम्ल सोडा, बूच लावून हलवा. साका विरघळून पाणी पिवळं-सोनेरी होतं. इथवर ओढ्याकाठीच करा. पुढचं काम घरी केलं तरी चालेल, बाटली अंधारात ठेवा आणि आठ तासांच्या आत उरका.

५. यातलं २०१ मिली पाणी घ्या. ०.०२५ नॉर्मल सोडियम थायोसल्फेट थेंबाथेंबाने सोडत जा. रंग फिका पिवळा झाला की मगच स्टार्चचे थेंब घाला, पाणी निळं होईल. निळा रंग पहिल्यांदा गेला तिथे थांबा. जितके मिली थायोसल्फेट लागलं तितके मिलिग्रॅम प्रति लिटर प्राणवायू. काही वेळाने निळा रंग परतला तरी पुन्हा मोजायला बसू नका.

स्टार्च आधी घातला तर आयोडीन त्यात अडकतं आणि शेवट कळत नाही. थायोसल्फेट ठेवून ठेवून कमजोर होतं, मग ते जास्त लागतं आणि पाणी आहे त्याहून चांगलं दिसतं. दर महिन्याला ताजं बनवा.

आकडा तापमानाशेजारी ठेवूनच वाचा. समुद्रसपाटीला २५ अंशांवर पाण्यात जास्तीत जास्त ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांवर ७.६. पुण्याच्या उंचीवर २५ अंशांना हाच आकडा सुमारे ७.७. तेव्हा मे महिन्यात उथळ ओढ्यात ६.५ आला तर तक्रार करण्यासारखं काही नाही. ११ किंवा १२ आला तर मात्र आनंद मानू नका. ते शेवाळाचं काम, आणि त्याची किंमत पहाटे मोजावी लागते.

पोहण्यासाठी: जंतूंचा नमुना

पिण्याच्या पाण्यासाठी मिळणारी, जंतू असल्यास काळी पडणारी एचटूएस बाटली इथे उपयोगाची नाही. ती फक्त आहे किंवा नाही एवढंच सांगते, आणि उघड्या ओढ्यात गुरं, पक्षी, कुत्री यांच्यामुळे ती जवळजवळ नेहमीच काळी होते. आपल्याला संख्या हवी.

निर्जंतुक बाटलीचं झाकण नमुना घेतानाच उघडा, आतल्या बाजूला बोट लावू नका. गुडघाभर पाण्यात प्रवाहाकडे तोंड करून उभे राहा, बाटली उपडी धरून २० ते ३० सेंटीमीटर खाली न्या आणि मग तिचं तोंड पाणी येतं त्या बाजूला वळवा. वर दोन बोटं जागा सोडा. लगेच बर्फात ठेवा, पण बर्फाचं पाणी झाकणात शिरणार नाही असं. सहा तासांत प्रयोगशाळेत पोहोचली तर उत्तम, चोवीस तासांनंतरच्या नमुन्याला अर्थ नाही.

प्रयोगशाळेत दोन गोष्टी स्पष्ट सांगा. एक, विष्ठाजन्य कोलिफॉर्म किंवा ई. कोलायची (विष्ठेतल्या एका जिवाणूची) संख्या हवी, नुसतं "आढळले" नको. दोन, हे ओढ्याचं पाणी आहे, नमुना पातळ करून तपासा. पिण्याच्या पाण्याच्या सवयीने न पातळ करता पाच-पाच नळ्यांची चाचणी लावली तर अहवालात "१६०० पेक्षा जास्त" एवढंच येतं. आपली मर्यादा २५००. म्हणजे पाणी मर्यादेच्या आत की बाहेर, हे फी भरूनही कळलं नाही.

एका नमुन्यावर निकाल देऊ नका. जंतूंची संख्या एका दिवसात दहापट बदलते. महिनाभरात किमान पाच नमुने घ्या आणि साध्या सरासरीऐवजी भौमितिक सरासरी काढा (पाच आकड्यांचा गुणाकार करून त्याचं पाचवं मूळ), नाहीतर पावसाच्या दिवसाचा एक मोठा आकडा सगळ्यांना गिळून टाकतो. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा २०१२ चा निकष याच पद्धतीने ई. कोलायसाठी १०० मिलीला १२६ इतका आहे. आपला त्यापुढे बराच सैल म्हणायचा. आमचं मत विचाराल तर लहान मुलांच्या डोहासाठी ५०० हीच सीमा धरा, २५०० ही नव्हे.

पावसानंतर दोन-तीन दिवस कुठल्याही वस्तीखालच्या ओढ्यात पोहू नये, चाचणी न करताही हे सांगता येतं. आणि पाणी हिरवा पेंट ओतल्यासारखं दिसलं तर काचेच्या बरणीत भरून काही तास न हलवता ठेवा. हिरवा थर वर तरंगला तर नीलहरित जिवाणूंचा संशय घ्या, त्यांतले काही विषारी असतात. त्यात माणसांनी उतरू नये, कुत्र्याला आणि गुरांनाही जाऊ देऊ नये. हिरवं खाली बसलं तर बहुधा साधं शेवाळ.

जलचरांसाठी: दगडाखालचे साक्षीदार

रसायनाची चाचणी त्या मिनिटापुरती असते. दगडाखाली राहणारा कीटक मात्र महिनोन्‌महिने तिथेच असतो. रात्री कोणी टँकर रिकामा केला तर तुमच्या बाटलीला पत्ता लागणार नाही, त्याला लागतो. नवख्याने एकच काम नीट शिकायचं असेल तर हे शिकावं.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. पुरानंतर किमान दोन-तीन आठवडे जाऊ द्या. उथळ खळाळत्या भागात जाळीचं तोंड प्रवाहाकडे करून तळाला टेकवा, तिच्यासमोर सुमारे एक चौरस मीटरचा तळ तीन मिनिटं पायाने ढवळा. मग मुठीएवढे दहा दगड उचलून जाळीतच ब्रशने धुवा. मच्छरदाणीचं कापड चालत नाही, त्याची भोकं एक मिलिमीटरहून मोठी, आणि नेमके नाजूक जीव निसटतात. अर्ध्या मिलिमीटरची जाळी हवी. सगळं पांढऱ्या परातीत ओता आणि पाच मिनिटं नुसतं बघत राहा. आधी फक्त काडीकचरा दिसतो, मग तो हलायला लागतो.

चपटं अंग, पोटाच्या दोन्ही बाजूंना फडफडणारे कल्ले, मागे बहुधा तीन शेपट्या: मेफ्लायचं पिल्लू. दोन शेपट्या आणि प्रत्येक पायाला दोन नख्या: स्टोनफ्लाय. वाळूचे कण किंवा काड्या चिकटवून केलेल्या घरात बसलेली अळी कॅडिसफ्लायची. हे तिघे मुबलक असतील तर पाणी चांगलं. पुढची पायरी चतुर आणि टाचण्यांच्या पिल्लांची, खेकड्यांची, झिंग्यांची: थोडंफार प्रदूषण सोसणारे. परातीत नुसत्या लाल अळ्या, गांडुळासारखे बारीक किडे आणि लांब शेपटीच्या अळ्याच वळवळत असतील तर तळाशी प्राणवायू नाही. पाण्यावर धावणाऱ्या निवळ्या आणि वर येऊन हवा घेणारे पाणभुंगे हिशेबात धरू नका. ते श्वास वरून घेतात, पाण्यातल्या प्राणवायूबद्दल फारसं बोलत नाहीत.

केंद्रीय मंडळाची जैविक पद्धत यालाच गुण देते. प्रत्येक कुळाला १ ते १० गुण, बेरीज भागिले कुळांची संख्या. समजा हेप्टाजिनिइडी १०, पर्लिडी १०, सीनिडी ७, हायड्रोसायकिडी ५, बीटिडी ४, कायरोनोमिडी २ मिळाले. बेरीज ३८, कुळं सहा, उत्तर ६.३. सात किंवा जास्त म्हणजे स्वच्छ, ६ ते ७ किंचित प्रदूषित, २ च्या खाली गेलं की ओढा मेल्यात जमा. लक्षात घ्या, मेफ्लायच्याच सीनिडी आणि बीटिडी कुळांना कमी गुण आहेत. "मेफ्लाय दिसली, पाणी स्वच्छ" असं सरसकट म्हणता येत नाही.

सोबत विविधता मोजा, त्याला नावंही लागत नाहीत. परातीतले जीव न निवडता, हाताला येतील तसे एका ओळीत मांडा. पहिल्याला एक धरा. पुढचा आधीच्यापेक्षा वेगळा असेल तर एक वाढवा, सारखा असेल तर वाढवू नका. २४ जिवांत अशी मोजणी १४ वर आली तर १४ भागिले २४, म्हणजे ०.५८. एकाच जातीची गर्दी असेल तर आकडा शून्याकडे सरकतो. काम झालं की सगळे जिवंत जीव उचलले तिथेच सोडा, आणि दगड जसे होते तसे पालथे.

मासे, आणि ताटातला मासा

"मासे आहेत म्हणजे पाणी चांगलं" हे अर्धसत्य. मांगूर आणि मरळ हवेतून श्वास घेऊ शकतात, चिलापी आणि गप्पी बरंच काही सोसतात. ओढ्यात हेच उरले असतील तर ती धोक्याची खूण. खळाळात दगडाला चिकटून राहणारे छोटे पट्टेरी मासे, महाशीरची पिल्लं, झिंगे दिसले तर पाण्याला दाद द्या.

माशांसाठी प्राणवायूनंतर महत्त्वाचा तो अमोनिया. किट एकूण अमोनिया दाखवतो, मारक असतो तो मुक्त अमोनिया, आणि तो किती हे पीएच आणि तापमान ठरवतात. २५ अंशांवर पीएच ७ ला एकूण अमोनियाचा जेमतेम ०.६ टक्का मुक्त असतो, ८ ला ५.४ टक्के, ९ ला ३६ टक्के. म्हणजे सकाळी पीएच ८ ला एकूण १ मिलिग्रॅम असताना मुक्त ०.०५, आणि दुपारी शेवाळाने पीएच ९ ला नेला की तोच ०.३६. पहाटे प्राणवायूने आणि दुपारी अमोनियाने, असा दोन्ही बाजूंनी मार बसतो. डी वर्गाची १.२ ची मर्यादा सरकारी असली तरी आम्हाला ती फार सैल वाटते. युरोपात २०१३ पर्यंत माशांच्या पाण्यासाठी ०.०२५ चा दंडक होता. मुक्त अमोनिया ०.०५ च्या वर दिसू लागला की चौकशी सुरू करावी.

मासा खायचा की नाही, याचं उत्तर पाण्याच्या बाटलीत नाही. पारा, कॅडमियम, शिसं पाण्यात सापडणार नाहीत इतके कमी असले तरी गाळात आणि माशाच्या अंगात साठतात, मोठ्या भक्षक माशांत जास्त. औद्योगिक वसाहतीच्या खालचा ओढा असेल तर माशाचं मांस आणि तळाचा गाळ वेगळे तपासून घ्यावे लागतात. तोवर तिथला मासा खाऊ नये. रॉकेल किंवा फिनेलचा वास येणारा, अंगावर व्रण असलेला, वाकड्या कण्याचा मासा कुठल्याही ओढ्यातला असो, टाकून द्या. मेलेले मासे तरंगत असतील तर विष किंवा स्फोटकं वापरल्याची शक्यताही ध्यानात घ्या. कायद्याने दोन्ही गुन्हा आहेत. मासे तोंड वासून मेले असतील तर बहुधा प्राणवायू संपला. मासे, खेकडे, झिंगे, कीटक सगळंच एकदम मेलं असेल तर विषाचा संशय घ्या.

आकडे एकत्र वाचताना

वरच्या आणि खालच्या जागेत वाहकता दुप्पट, अमोनिया वाढलेला, कोलिफॉर्म हजारोंत: घरगुती सांडपाणी. वाहकता खूप वाढली पण जंतू फारसे नाहीत: कारखाना, किंवा शेतातून झिरपलेले क्षार. नायट्रेट वाढलं, अमोनिया नाही: खत, किंवा वर बरंच अंतर आधी मिसळलेलं जुनं सांडपाणी. नायट्रेटचा किट "नायट्रोजन म्हणून" दाखवतो की "नायट्रेट म्हणून", हे डबीवर वाचा. दोन्हींत ४.४३ पटीचा फरक आहे आणि यावरून फुकटचे वाद होतात. प्राणवायू, अमोनिया सगळं ठीक पण परातीत फक्त लाल अळ्या: तुम्ही नसताना काहीतरी सोडलं जातंय, किंवा तळ गाळाने भरलाय. दगडावर बोट फिरवून बघा, गाळ असेल तर लगेच कळेल.

तक्रार करायची वेळ आली तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात लेखी द्या. १९७४ च्या जल कायद्यानुसार कोर्टात टिकतो तो मंडळाने ठरलेल्या पद्धतीने घेतलेला नमुना. तुमचे आकडे पुरावा ठरत नाहीत, पण मंडळाचा माणूस कधी आणि कुठे यावा हे त्या आकड्यांवरून ठरवता येतं. म्हणून अर्जात जागेचे अक्षांश-रेखांश, तारीख, घड्याळाची वेळ, वरच्या आणि खालच्या जागेची वाहकता, प्राणवायू, फोटो आणि "साधारण रात्री अकरा ते एक" अशी नेमकी वेळ लिहा. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.